आकडा पाठवला, पुढे काय?

कोरोनाच्या काळात घरोघरी जी यंत्रे आली, त्यांतले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आता कुठल्या खणात पडले आहे ते कोणाला आठवत नाही. बीपीचे मशीन मात्र टिकून राहिले. दादांसाठी आणलेले मशीन आता साऱ्या घराचे झाले आहे. पाहुणे आले की चहाआधी त्यांचेही बीपी बघून होते! शाळेत पालकसभा संपल्यावर माता-भगिनी थांबून आम्हाला जे विचारतात, त्यात अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. सुनेला सातवा महिना आहे, डॉक्टरांनी बीपी थोडे जास्त सांगितले आहे, दर आठवड्याला तालुक्याला नेणे होत नाही. घरच्या मशीनवर बघून फोनवर कळवले तर चालेल का?

चालेल. बऱ्याच ठिकाणी आता डॉक्टर स्वतःच तसे सांगतात. पण हा प्रश्न अर्धा आहे. मशीनवर आकडा आला, तो कोणाकडे जातो, तिकडून किती वेळात काय उत्तर येते, आणि ते उत्तर आल्यावर घरातले उठून गाडी काढतात की नाही, हा उरलेला अर्धा. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. औषध सांगण्याचा आमचा अधिकार नाही आणि या लेखात ते सांगणारही नाही. पण या विषयावर जगात आणि आपल्या शेजारी जे काम झाले आहे ते वाचून समजून घेतले आहे, ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की गरोदर बाईचे बीपी म्हणजे दादांचे बीपी नव्हे. दादांचे बीपी वर्षानुवर्षे हळूहळू नुकसान करते. पोटात बाळ असताना वाढलेले बीपी काही दिवसांत, कधी कधी काही तासांतच रंग बदलते. वीस आठवडे, म्हणजे साधारण पाचवा महिना होऊन गेल्यावर वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, आणि चार-सहा तासांनी पुन्हा मोजल्यावर तसाच राहिला, तर डॉक्टर त्याला गरोदरपणातला उच्च रक्तदाब म्हणतात. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट यांच्यावर परिणाम दिसू लागला, की त्याचे नाव प्री-एक्लाम्पसिया. आणि झटके आले की एक्लाम्पसिया. बाळंतपणात जगभर ज्या कारणांनी माता दगावतात, त्यांत रक्तस्रावाच्या खालोखाल याच आजाराचा नंबर लागतो.

याचे मूळ वारेत आहे. वार गर्भाशयात नीट रुजली नाही, तिला पुरेसे रक्त मिळाले नाही, की तिच्यातून आईच्या रक्तात असे घटक उतरतात जे साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडवतात. म्हणून सुनेने खारट खाल्ले, रागावली, कमी झोपली, म्हणून तिला हे झाले, असे म्हणणे चूक आहे आणि तिच्यावर अन्यायही आहे. अळणी जेवण घालून हा आजार टळत नाही. तिच्या ताटातले मीठ काढून घेण्यापेक्षा तिच्या दंडाला पट्टा बांधणे बरे.

'पोरगी धडधाकट आहे, तिला काय व्हायचेय' हेही आपल्याकडे नेहमीचे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चार बाय शंभर मीटर रिलेचे सुवर्णपदक अमेरिकेच्या चौघींनी जिंकले. त्यातली अ‍ॅलिसन फेलिक्स २०१८ मध्ये गरोदर असताना नेहमीच्या तपासणीला म्हणून गेली आणि गंभीर प्री-एक्लाम्पसिया निघाला. बत्तिसाव्या आठवड्यात घाईने सिझेरियन करावे लागले. मायलेकी वाचल्या. त्याच चौघींतली टोरी बोवी २०२३ मध्ये आठव्या महिन्यात, घरी एकटी असताना वारली. वय बत्तीस. शवचिकित्सेच्या अहवालात संभाव्य कारणांमध्ये एक्लाम्पसियाचे नाव होते. यांच्याहून धडधाकट बाया जगात किती असतील?

आता मोजण्याची रीत. शिक्षकाला रीत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावे. भांडी घासून, जिना चढून किंवा चहा पिऊन लगेच पट्टा बांधू नये, अर्धा तास जाऊ द्यावा. मशेरी लावून तर मुळीच नाही. तंबाखूने बीपी चढते (मशेरी मुळात सोडायलाच हवी, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय). लघवीला जाऊन यावे. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसावे. पाच मिनिटे गप्प हेच आपल्या घरात सर्वांत अवघड! पट्टा उघड्या दंडावर बांधावा, बुरख्याच्या किंवा स्वेटरच्या बाहीवरून नव्हे. घट्ट बाही वर गुंडाळली तर तीच दंड आवळते, तेव्हा सैल बाहीचा कुर्ता घालून बसावे. हात टेबलावर असा ठेवावा की पट्टा छातीच्या उंचीला येईल. एकदा मोजून मिनिटभर थांबून दुसऱ्यांदा मोजावे आणि दोन्ही आकडे वेळेसह वहीत लिहावेत. मनाला पटणारा आकडा लिहायचा आणि दुसरा सोडून द्यायचा, असे करू नये.

पट्ट्याचे माप हा दुर्लक्षित मुद्दा आहे. भरलेल्या दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा खोटा चढतो, आणि फार मोठा पट्टा तो उतरवतो. मनगटावरची मशीन या कामाला घेऊ नयेत. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. दादांच्या दंडावर बरोबर चालणारे मशीन गरोदर बाईच्या दंडावर बरोबर चालेलच असे नाही. प्री-एक्लाम्पसियात काही डिजिटल मशीन खरा आकडा कमी करून दाखवतात. म्हणून पुढच्या तपासणीला जाताना घरचे मशीन पिशवीत घालून न्यावे. डॉक्टरांच्या किंवा सिस्टरच्या मशीनवर मोजून झाले की लगेच त्याच दंडावर आपले लावून बघावे. फरक किती पडतो ते कार्डावर लिहून घ्यावे. यात कोणाला संकोच वाटायचे कारण नाही.

इतके झाले म्हणजे आकडा खरा मिळाला. आता तो जातो कुठे?

आमच्या पाहण्यातल्या घरांत तो फॅमिली ग्रुपवर जातो. नवरा दम्मामला किंवा कुवेतला. त्याला काळजी, म्हणून रोज सकाळी मशीनचा फोटो ग्रुपवर पडतो. खाली फुफूंची दुआ, मामूंचे 'टेन्शन नको घेऊ', कोणाची तरी लसूण खाण्याची सूचना, आणि चार-पाच हात जोडल्याची चित्रे. १५२ वर ९८ हा आकडा ग्रुपवर सतरा माणसांनी पाहिलेला असतो. त्या सतरांत डॉक्टर एकही नसतो. प्रेमाची कमतरता नाही. पण नजर ठेवणे याचा अर्थ बघणाऱ्याला काही करता आले पाहिजे. दम्मामहून नवऱ्याला गाडी काढता येत नाही आणि औषधही बदलता येत नाही. त्याला करता येईल असे काम एकच, आणि ते फार मोठे आहे. त्याने वडिलांना किंवा भावाला आधीच सांगून ठेवावे की अमुक आकड्याच्या वर गेले तर मला विचारत बसू नका, घेऊन जा.

याच बाबतीत फिलाडेल्फियातले काम सांगण्यासारखे आहे. तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. आदी हर्शबर्ग आणि डॉ. सिंधू श्रीनिवास यांच्यापुढे अडचण होती ती बाळंतपणानंतरची. ज्या बायांचे बीपी वाढलेले असे, त्यांना घरी सोडताना काही दिवसांनी बीपी दाखवायला या असे सांगत. निम्म्याहून जास्त येतच नसत. तान्हे बाळ, टाके, बस, वरची मुले. कारणे तिथेही आपल्यासारखीच. मग त्यांनी उलटे केले. बाईला सोडतानाच मशीन हातात दिले आणि दोन आठवडे रोज दोनदा रुग्णालयाकडून तिच्या फोनवर साधा मेसेज जाऊ लागला: बीपी किती? ती आकडा टाइप करून पाठवी. त्यासाठी अ‍ॅप लागत नव्हते, महागडा फोनही नाही. आकडा ठीक असेल तर तसे उत्तर लगेच येई. फार वाढलेला असेल तर त्याच क्षणी डॉक्टरांच्या फोनवर सूचना जाई आणि डॉक्टर तिला फोन करत.

२०१८ मध्ये या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०६ बाया, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. मेसेजच्या गटातल्या ९२ टक्के बायांचे बीपी पहिल्या दहा दिवसांत एकदा तरी नोंदले गेले. बोलावलेल्या गटात ४४ टक्के. आणखी एक गोष्ट आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटली. बोलावलेल्या गटात कृष्णवर्णीय बायांचे येण्याचे प्रमाण इतर बायांच्या निम्म्याहून कमी होते. मेसेजच्या गटात हा फरक जवळजवळ उरला नाही. ज्या बाया दवाखान्यात येत नाहीत त्यांना बेफिकीर म्हणण्याची सगळीकडेच पद्धत आहे. त्या बेफिकीर नव्हत्या. विचारणारा घरापर्यंत आल्यावर त्यांनी उत्तर दिलेच.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर वाचक मशीनच्या दुकानाकडे निघतील. इंग्लंडमध्ये प्री-एक्लाम्पसियाचा धोका जास्त असलेल्या सुमारे २४०० गरोदर बायांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांनी नेहमीच्या तपासण्यांखेरीज घरी बीपी मोजून अ‍ॅपवर पाठवायचे, निम्म्यांनी नेहमीप्रमाणे तपासणीला जायचे. अपेक्षा अशी की घरी मोजणाऱ्यांचा आजार लवकर पकडला जाईल. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. दवाखान्यात निदान होण्याच्या दिवसांत दोन्ही गटांत फरक नव्हता. ज्यांचे बीपी आधीच वाढलेले होते अशा सुमारे ८५० बायांच्या जोडचाचणीतही बीपीवरचा ताबा सुधारलेला दिसला नाही. घरी मोजल्याने नुकसान काही झाले नाही, एवढे खरे.

मग मशीन निरुपयोगी म्हणायचे का? आम्हाला तसे वाटत नाही. इंग्लंडच्या सरकारी व्यवस्थेत बाईची तपासणी वेळच्या वेळी होतेच, त्यामुळे मशीनला भर घालायला जागा कमी होती. पुढे ऑक्सफर्डमध्ये बाळंतपणानंतरच्या २२० बायांवर चाचणी झाली. तिथे बाईने आकडा पाठवायचा आणि डॉक्टरांनी त्यावरून औषधाचा डोस रोजच्या रोज कमीजास्त करून कळवायचा, अशी रीत होती. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: नऊ महिन्यांनंतरही या बायांचा खालचा आकडा दुसऱ्या गटापेक्षा सुमारे सहाने कमी होता. मशीन तेच. फरक पलीकडून येणाऱ्या उत्तराचा.

परदेशाचे पुरे. आपल्या सीमेला लागून बेळगाव आहे. तिथल्या आणि बागलकोटच्या गावांत, तसेच पाकिस्तानच्या सिंधमध्ये आणि मोझांबिकमध्ये एकाच वेळी एक मोठा प्रयोग झाला. आशाताई आणि एएनएम सिस्टर घरोघरी जाऊन गरोदर बायांचे बीपी मोजत. मोबाइलवरचे अ‍ॅप आकडा आणि लक्षणे बघून धोका किती ते सांगे. गरज पडल्यास बीपीची गोळी तिथेच देऊन, मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन टोचून रुग्णालयात पाठवायचे. २०२० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा एकूण गावांच्या पातळीवर मृत्यू आणि गंभीर त्रास कमी झालेले दिसले नाहीत. पण ज्या बायांच्या घरी आठ किंवा अधिक भेटी झाल्या होत्या, त्यांच्यात बाळ दगावण्याचे प्रमाण कमी होते. अ‍ॅप सगळ्यांना एकच. भेटी मात्र कोणाच्या दोन, कोणाच्या आठ. आपल्या आशाताई दारात आल्या की 'सगळे ठीक आहे' म्हणून दारातूनच परत पाठवणाऱ्या घरांनी यावर थोडा विचार करावा.

आणि औषधाची भीती बाळगणाऱ्यांसाठी नागपूरचे उदाहरण. गरोदरपणात गोळी घेतली तर बाळाला त्रास होईल, या भीतीने कितीतरी सुना लिहून दिलेली गोळी उशीखाली ठेवतात. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्मृती रुग्णालयात, बीपी फार वाढलेल्या ८९४ गरोदर बायांना निफेडिपिन, लेबेटॅलॉल किंवा मिथाइलडोपा यांपैकी एक गोळी तोंडाने दिली. सहा तासांच्या आत, कुठलाही घात न होता, बीपी हव्या त्या पातळीवर आले ते अनुक्रमे ८४, ७७ आणि ७६ टक्के बायांचे. २०१९ मध्ये हे काम जगाने वाचले. तिन्ही जुन्या, स्वस्त, सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळ्या. कुठली, किती, ते डॉक्टरच सांगतील. पण लिहून दिली असेल तर ती घ्यायची, आणि दोन दिवस आकडा चांगला आला म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही.

आमच्या ओळखीतल्या एका घरची हकीकत सांगतो. गाव आणि नाव सांगणार नाही. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. सातव्या महिन्यापर्यंतची सगळी तपासणी सासरच्या गावी झालेली. फाइल तिकडेच राहिली. हे आपल्याकडे घरोघरी होते. लेक येते, दुपट्टे येतात, लाडू येतात, कागद येत नाहीत. माहेरच्या डॉक्टरांना तिचे आधीचे बीपी किती होते ते माहीतच नव्हते. बाळंतपण सुखरूप झाले. घरी सोडताना बीपी 'जरा जास्त' होते, आठ दिवसांनी दाखवा म्हणाले. बाळ गुटगुटीत, छटीची तयारी सुरू, मशीन कपाटावर. पाचव्या दिवशी तिचे डोके प्रचंड दुखू लागले. रात्री जागते ना, म्हणून दुखते, असे म्हणून बाम चोळला. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. अशक्तपणा आहे, शिरा खा. सहाव्या दिवशी पहाटे झटका आला.

घरात कोणीतरी म्हणाले, असर झाला. ओल्या बाळंतिणीला खिडकीत बसू दिले होते. पाणी दम करून आणायला माणूस धावला. तो येईपर्यंत दुसरा झटका. शेवटी शेजारच्या एका रिक्षावाल्याने कोणाचे न ऐकता तिला उचलून नेले. कित्येक दिवस ती अतिदक्षता विभागात होती. अल्लाहच्या कृपेने वाचली, बाळाला ओळखू लागली. दुआला आमचा विरोध कसा असेल? रिक्षात बसूनही दुआ करता येते.

या हकीकतीतले पाचवा-सहावा दिवस हे शब्द वाचकांनी अधोरेखित करावेत. बाळ झाले, वार पडली, आजार संपला, असे सगळे धरून चालतात. पण बीपी बहुधा बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत वर चढते, म्हणजे रुग्णालयातून घरी आल्यावर. एक्लाम्पसियाचे झटके बाळंतपणानंतरही येतात, आणि ज्यांचे बीपी आधी कधी वाढले नव्हते अशांनाही कधी कधी येतात. चिल्ल्याचे चाळीस दिवस आपण बाळंतिणीला जपतो ते वाऱ्यापासून, थंड पाण्यापासून, नजरेपासून. पट्टा बांधण्याचे दिवस खरे तर हेच आहेत. गरोदरपणात बीपी वाढलेले असेल तर घरी आल्यावर निदान दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजावे आणि डॉक्टरांनी बोलावलेली तारीख चिल्ला संपायची आहे म्हणून पुढे ढकलू नये.

आकड्यांचा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आले तर थोड्या वेळाने परत मोजून त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा सिस्टरला कळवायचे. १६० वर ११० किंवा त्याहून जास्त, मग दोहोंपैकी एकच आकडा तितका असला तरी, पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा मोजायचे आणि तसेच असेल तर निघायचे. फोनची वाट बघायची नाही. आणि खूप डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीखाली उजव्या बाजूला दुखणे, दम लागणे, चेहरा आणि हात एकाएकी सुजणे, लघवी कमी होणे, पोटातले बाळ कमी हलणे, यांपैकी काही असेल तर मशीन काहीही दाखवो, दवाखान्यात जायचे. मशीन ठीक म्हणाले म्हणून बाईचे म्हणणे खोटे ठरत नाही. रुग्णालयात मॅग्नेशियम सल्फेट देतात. दहा हजारांहून जास्त बायांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या साध्या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला होता. पण ते रुग्णालयात पोहोचल्यावर मिळते. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ ची गाडी आहे.

दूरची देखरेख हे तपासणी चुकवण्याचे निमित्त होऊ नये. घरचे मशीन लघवी तपासत नाही, रक्त तपासत नाही, बाळाची वाढ बघत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिला जावेच. ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते. गोळी चालू ठेवू का, पुढची तपासणी कधी, अशा प्रश्नांना ते चांगले आहे. १६० च्या आकड्याला नाही. आणि ज्या डॉक्टरांकडे नाव घातले आहे त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे: आकडा कोणत्या नंबरवर पाठवू, रात्री कोण बघते, उत्तर नाही आले तर कुठे जाऊ? काही डॉक्टर या प्रश्नावर चिडतात. चिडू द्यावे. तीन ओळींचे उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नये.

रमजान जवळ आला की रोजाचा प्रश्न येतो. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या आईला शरीअतने मुभा दिलेली आहे, हे आपल्या साऱ्या घरांना ठाऊक आहे. तरी कितीतरी सुना सासूच्या एका नजरेखातर दुपारची गोळी चुकवतात. तेव्हा 'डॉक्टरांनी सांगितले आहे, रोजा नको' हे वाक्य सुनेने नव्हे, सासूबाईंनी म्हणावे. जेवणाच्या दस्तरखानवर, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

शेवटी फाइलविषयी. ही फाइल बाळ मोठे झाले म्हणून रद्दीत देऊ नये. ज्या बाईला एकदा प्री-एक्लाम्पसिया झाला, तिला पुढच्या बाळंतपणात तो पुन्हा होण्याचा आणि उतारवयात बीपी व हृदयाच्या आजाराचा धोका इतरांहून जास्त असतो. आईला किंवा बहिणीला झाला असेल तरी जास्त असतो. अशांना डॉक्टर तिसरा महिना संपता संपताच कमी डोसाची अ‍ॅस्पिरिन सुरू करू शकतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात ती सुरू केल्याने दिवस भरण्याआधी होणाऱ्या प्री-एक्लाम्पसियाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. गोळी डॉक्टरांनीच द्यायची, पण आईची हकीकत त्यांना कोणीतरी सांगायला हवी, आणि तीही तिसऱ्या महिन्याच्या आत, सातव्यात नव्हे. तेव्हा लेकीला दिवस गेल्याची खबर आली की मिठाई वाटण्याआधी तिच्या अम्मीने, खालांनी आणि शक्य असेल तर नानीने बसून आठवावे: आपल्या वेळी बीपी वाढले होते का, झटका आला होता का, बाळ दिवस भरण्याआधी का काढले होते? जे आठवेल ते एका कागदावर लिहून लेकीच्या पर्समध्ये घालावे.